मृदंग जागेवर, गाणारी बाई गायब: लॅपटॉप आणि हेडसेटचं नेहमीचं दुखणं

आषाढ लागला तसा साताऱ्याहून मावशीचा फोन आला. "अरे, मृदंग वाजतोय, टाळ वाजतायत, पण बाई गातच नाहीयेत!"

मावशी गेली दोन वर्षं ऑनलाइन अभंग शिकते. शिकवणाऱ्या बाई सरावासाठी रेकॉर्डिंग पाठवतात. मावशी ते जुन्या लॅपटॉपवर लावते आणि काकांची दुपारची झोप मोडू नये म्हणून कानात इअरफोन घालते. लॅपटॉपच्या स्पीकरवर सगळं ठीक होतं. इअरफोन लावला की मात्र गायिका विहिरीच्या तळाशी आणि टाळ कानाला लागून. बाईंनी स्वतःच्या आवाजात फोनवरून पाठवलेल्या सूचना तर जवळजवळ ऐकूच येत नव्हत्या.

मी पुण्यात बसून नेहमीचे प्रश्न विचारले. आवाज वाढवला का? वाढवला. पिन पूर्ण आत गेली का? गेली. इअरफोन कुठला? "तुझ्या काकांच्या जुन्या फोनबरोबर आला होता. खोक्यात तसाच पडून होता, आत्ता काढला." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "मावशी, वायरीवर बटण आहे ना, ते दाबून धर."

दोन सेकंद शांतता. मग, "अगं बाई, आल्या की!"

मी दिवसाचे सहा-सात तास हेडसेट लावूनच काम करतो, त्यामुळे घरातल्या, सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या हेडसेटच्या तक्रारी आपोआप माझ्याकडे येतात. इतक्या तक्रारी पाहिल्यावर माझा एक पक्का ग्रह झाला आहे. लोक सांगतात ते कानाचं दुखणं: आवाज पोकळ येतो, गाणं बेसूर वाटतं, मध्येच बारीक होतं, खरखरतं. गोम मात्र बहुतेक वेळा माइकात असते. निव्वळ हेडफोन फारसा त्रास देत नाही. त्याला माइक चिकटला, की पिनेपासून ब्लूटूथपर्यंत सगळीकडे तडजोडी सुरू होतात. म्हणून माझी तपासणी नेहमी माइकपासून सुरू होते. खाली त्याच क्रमाने लिहितो आहे.

पिनवरच्या पट्ट्या मोजा

इअरफोनची पिन उजेडात धरा. धातूवर काळ्या, कधी पांढऱ्या, बारीक पट्ट्या दिसतील. दोन पट्ट्या असतील तर धातूचे तीन भाग झाले: टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची आणि बुडाचा भाग दोघांची सामाईक परतीची वाट, म्हणजे ग्राउंड. हा साधा हेडफोन. तीन पट्ट्या असतील तर चार भाग झाले, त्यात माइक आला, तो हेडसेट. जाडी दोन्हींची ३.५ मिलिमीटरच, म्हणून भोकात दोन्ही जातात आणि आपली फसगत होते.

खरी भानगड चार भागांच्या पिनेत आहे. शेवटच्या दोन भागांपैकी माइक कुठला आणि ग्राउंड कुठला, यावर दोन पद्धती पडल्या. एकीचं नाव ओएमटीपी: तिच्यात माइक आतल्या कडीवर आणि ग्राउंड बुडाला. नोकियाचे बरेच जुने फोन या पद्धतीचे. दुसरी सीटीआयए: तिच्यात बरोबर उलटं, ग्राउंड कडीवर आणि माइक बुडाला. आयफोनने ही दुसरी धरली, पुढे बहुतेक अँड्रॉइड फोन आणि लॅपटॉपही तिच्याच मागे गेले.

आता काकांचा जुना ओएमटीपी इअरफोन सीटीआयए लॅपटॉपला लावला की काय होतं? दोन्ही कानांची परतीची वाट ग्राउंडला न मिळता माइकच्या तारेला मिळते. प्रवाहाला परत जायला नीट रस्ताच उरत नाही. मग तो डाव्या कानातून शिरून उजव्या कानातून बाहेर पडतो, म्हणजे दोन्ही कान एकामागे एक जोडल्यासारखे होतात. अशा वेळी ऐकू येतो तो डाव्या-उजव्यातला फक्त फरक. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा, अगदी मधोमध ठेवलेला असतो, तो वजाबाकीत उडतो. टाळ एका बाजूला, मृदंग दुसऱ्या बाजूला, म्हणून ते उरतात. बाईंचा फोनवरचा निरोप तर दोन्हीकडे एकच, मग तो सगळाच उडणार.

आणि बटण? ते बटण माइक आणि ग्राउंड यांना एकमेकांशी टेकवतं. दाबलं की परतीची वाट मोकळी आणि बाई हजर. हे लक्षात ठेवा, कारण इतकी स्वच्छ परीक्षा दुसरी नाही: बटण दाबल्यावर गाणं सुधारलं तर बिघाड ना लॅपटॉपचा, ना ड्रायव्हरचा (म्हणजे साउंड चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचा), पिनेची पद्धत चुकली आहे. रिअलटेक या कंपनीच्या काही साउंड चिपा पिन कुठल्या पद्धतीची आहे ते स्वतः ओळखून जोडणी बदलतात, म्हणून तोच इअरफोन शेजारच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालू शकतो. तेवढ्यावरून आपला लॅपटॉप खराब ठरवू नका. उपाय दोनच: सीटीआयए हेडसेट घ्या, नाहीतर ओएमटीपीचं सीटीआयए करणारा बोटभर वायरीचा कन्व्हर्टर लावा.

अगदी असाच पोकळ आवाज पिन अर्धवट आत गेल्यावरही येतो. लॅपटॉपला जाड कव्हर असेल तर पिनेचं प्लास्टिक कव्हरला अडतं आणि शेवटचा मिलिमीटर बाहेर राहतो. आमच्या शेजारच्या मुलाच्या ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या रात्री मी तासभर ड्रायव्हर उलटसुलट केले होते. दोष कव्हराचा निघाला.

एक भोक की दोन

जुन्या लॅपटॉपला दोन भोकं असतात, एक हेडफोनचं आणि एक माइकचं. नव्यांना एकच, त्याच्या शेजारी हेडफोनचं चित्र आणि त्या चित्राला माइकची दांडी. चित्रात दांडी नसेल तर ते भोक कदाचित निव्वळ हेडफोनचं असेल. तिथे हेडसेट लावून माइक का चालत नाही म्हणून डोकं फोडू नका.

दोन भोकांना एका पिनेचा हेडसेट जोडायचा तर वाय (Y) आकाराचा स्प्लिटर लागतो, पण दुकानात त्याच्यासारखी दिसणारी तीन वेगवेगळी पिल्लं मिळतात. पहिलं एका भोकात दोन हेडफोन लावायचं, दोघांनी मिळून सिनेमा पाहण्यासाठी. यात माइकला जागाच नाही. दुसऱ्याला एक भोक आणि दोन पिना: एका पिनेचा हेडसेट दोन भोकांच्या लॅपटॉपला जोडायला. तिसऱ्याला दोन भोकं आणि तीन पट्ट्यांची एक पिन: जुना दोन पिनांचा हेडसेट नव्या लॅपटॉपला जोडायला. पुण्याच्या तापकीर गल्लीत नुसतं "स्प्लिटर द्या" म्हटलं की पहिलंच हातात पडतं. हेडसेट आणि लॅपटॉप दोन्ही बरोबर घेऊन जा, काउंटरवर लावून बोलून बघा, मग पैसे द्या.

तुम्ही नक्की कुठल्या माइकात बोलताय?

"माझा आवाज लांबून येतो म्हणतात, हेडसेट तर चांगला आहे." ही तक्रार आली की मी नखाची परीक्षा करायला सांगतो. मीटिंगच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइकची हलती पट्टी उघडा. हेडसेटच्या माइकवर नख हळूच खाजवा. मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारच्या बारीक छिद्रावर खाजवा. पट्टी कशाला उसळते ते बघा. निम्म्या वेळा ती कॅमेऱ्याशेजारी उसळते! म्हणजे हेडसेट फक्त ऐकायचं काम करतोय आणि तुमचा आवाज पंख्याच्या आणि कुकरच्या शिट्टीसकट लॅपटॉपच्या अंगच्या माइकातून जातोय.

याचं एक कारण साधं: झूम, टीम्स, मीट ही मंडळी आपापला माइक स्वतंत्र निवडतात, विंडोजमध्ये बदललेलं त्यांना मान्य असेलच असं नाही. दोन्हीकडे बघा. दुसरं कारण परवानगीचं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोन असं पान आहे. तिथली खूण बंद असेल तर सगळं बरोबर असूनही माइक मुका राहतो.

तिसरं कारण जरा खोल आहे. लॅपटॉपमधली ध्वनीची व्यवस्था बहुतेक इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या एचडी ऑडिओ या पद्धतीवर चालते. तिच्यात चिपेच्या कुठल्या पायाला काय जोडलंय, हे लॅपटॉप बनवणाऱ्याने लिहून ठेवायचं असतं. एकाच भोकात हेडफोन, हेडसेट किंवा नुसता माइक असं काहीही येऊ शकतं, तेव्हा काय आलंय ते चिपेला कधी ओळखावं लागतं, कधी तुम्हाला विचारावं लागतं. म्हणून काही लॅपटॉपांवर पिन लावली की रिअलटेकची खिडकी उघडते: कुठलं उपकरण लावलंत? आपण घाईत फुली मारतो, किंवा हेडफोनवर टिचकी मारून "पुन्हा विचारू नका" करून टाकतो. त्यानंतर त्या भोकातला माइक लॅपटॉपच्या लेखी नाहीच. रिअलटेक ऑडिओ कन्सोल उघडा, ती विचारणा परत चालू करा, पिन काढून घाला आणि या वेळी हेडसेट निवडा.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोकवा. तिथे रिअलटेकच्या जागी नुसतं "हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस" दिसलं तर मायक्रोसॉफ्टचा सरधोपट ड्रायव्हर बसला आहे. त्यातून गाणी वाजतात, पण हेडसेट ओळखण्याच्या कंपनीच्या खुब्या त्याला ठाऊक नसतात. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर उतरवून बसवा. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर मात्र लांब ठेवा. त्यातलं एक टाकून आमच्या ऑफिसातल्या एकाने टचपॅडही घालवला होता. उलट कंपनीचाच ड्रायव्हर कटकट करत असेल, आवाजात नसते "इफेक्ट" घालत असेल, तर मुद्दाम तो सरधोपट ड्रायव्हर लावून बघण्यासारखा असतो.

आणि एक छोटी गोष्ट, जिने कित्येकांना छळलं आहे: कॉल सुरू झाला की मागचं गाणं किंवा व्हिडिओ एकदम बारीक होतो. हा बिघाड नाही. विंडोजला वाटतं तुम्ही फोनवर आहात, म्हणून ती बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणते. जुन्या साउंड पॅनेलमध्ये "कम्युनिकेशन्स" नावाचा टॅब आहे, तिथे "डू नथिंग" निवडा. क्लासमध्ये तानपुऱ्याचं ॲप मागे लावून रियाज करणाऱ्यांनी तर हे आजच करावं.

ब्लूटूथ: मीटिंग सुरू, गाण्याचा पत्रा

आता सगळ्यात जास्त विचारलं जाणारं. पाच-सहा हजारांचा ब्लूटूथ हेडफोन, फोनवर झकास वाजतो, लॅपटॉपवर गाणीही झकास. मीटिंगमध्ये शिरलं की आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मीटिंग संपली की पुन्हा झकास. लोक हेडफोन परत करतात, दुसरा आणतात, तोही तसाच निघतो.

तो तसाच निघणार, कारण दोष हेडफोनचा नाही. जुन्या धाटणीच्या ब्लूटूथला ऐकण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक एटूडीपी: फक्त जाण्याचा, रुंद, स्टिरिओ, सेकंदाला आवाजाचे ४४,१०० किंवा ४८,००० नमुने, म्हणजे सॅम्पल, नेणारा. त्याच्यावर माइकला परत यायची सोय नाही. दुसरा हँड्स-फ्री: मोटारीतल्या फोनसाठी बनवलेला, दुतर्फा, पण बोळाएवढा अरुंद आणि मोनो. त्याच्या मूळ रूपात सेकंदाला फक्त ८,००० सॅम्पल जातात, सुधारलेल्या एमएसबीसी रूपात १६,०००. कुठल्याही प्रोग्रामने हेडफोनचा माइक मागितला, की दोन्ही बाजूंचा आवाज या बोळात ढकलला जातो. तुम्ही बोला न बोला, म्यूटवर असा नसा. माइक उघडा आहे एवढंच पुरतं.

म्हणून उपाय आहे हेडफोनचा माइक न मागण्याचा. ऐकायला हेडफोन ठेवा, बोलायला लॅपटॉपचा अंगचा माइक निवडा. बस. मी स्वतः गेली काही वर्षं असंच करतो आणि समोरच्यांना माझा आवाज उलट जास्त स्वच्छ येतो, कारण लॅपटॉपचा साधासा माइकही त्या अरुंद बोळातून आलेल्या माइकपेक्षा बरा ठरतो. खोलीत फार गलबला असेल तर मात्र हा उपाय लंगडा पडतो, हे मान्य.

विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक "स्टिरिओ" आणि एक "हँड्स-फ्री". ऐकण्यासाठी स्टिरिओ निवडा. विंडोज ११ मध्ये बऱ्याचदा एकच नाव दिसतं. तिथे इनपुटच्या जागी लॅपटॉपचा माइक ठेवला की काम झालं. प्रोग्राम ऐकतच नसतील तर कंट्रोल पॅनेलच्या डिव्हाइसेस अँड प्रिंटर्समध्ये हेडफोनच्या प्रॉपर्टीजमधून हँड्स-फ्री टेलिफोनी या सेवेची खूण काढून टाका, म्हणजे तो रस्ताच बंद. मॅकवरही दुखणं हेच आणि औषधही हेच: साउंडमध्ये इनपुट अंगच्या माइकवर.

मीटिंग नसतानाही गाण्याचा पत्रा होत असेल तर माइक कोणीतरी उघडा ठेवला आहे. विंडोजच्या खालच्या पट्टीत माइकचं छोटं चित्र दिसतं, त्यावर बाण नेला की धरणाऱ्याचं नाव कळतं. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ब्राउझरचा विसरलेला टॅब असतो.

२०२० च्या सुरुवातीला एलई ऑडिओ नावाची नवी व्यवस्था जाहीर झाली, एलसी३ या कोडेकची (आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीची), आणि तिच्यात ही दोन रस्त्यांची गफलत मुळातूनच नाही. पण लॅपटॉपची चिप, तिचा ड्रायव्हर आणि हेडफोन अशा तिघांनाही ती यायला हवी. हेडफोनच्या खोक्यावर "ब्लूटूथ ५.३" छापलंय म्हणजे ती आली, असं नाही. तोवर ज्यांना बोलणं आणि ऐकणं दोन्ही बिनतारी आणि दोन्ही चांगलं हवं, त्यांनी स्वतःचा यूएसबी रिसीव्हर घेऊन येणारा हेडसेट बघावा. तो ब्लूटूथच्या या अटींत अडकत नाही.

तुटक आवाजाचं एक कारण जाता जाता. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, घरातलं वायफायही पुष्कळदा तिथेच. आणि यूएसबी ३ ची वायर, विशेषतः बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली, त्याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतःच टिपण काढलं होतं. फाइल कॉपी होतानाच आवाज तुटत असेल तर डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात घाला, आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

लिनक्सवाल्यांसाठी

ब्लूटूथचं वर लिहिलेलं सगळं इथेही लागू. फेडोराने ३४व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २२.१० पासून आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आणलं, तेव्हापासून जोडणी पुष्कळ सुधारली. पण कोणी माइक मागितला की आपोआप हेडसेट प्रोफाइलवर जाण्याची सवय त्यालाही आहे. पाव्हूकंट्रोल हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्राम टाका, त्याच्या शेवटच्या टॅबमध्ये प्रोफाइल एटूडीपीवर ठेवा. आपोआप बदलणं कायमचं नको असेल तर पाइपवायरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

तारेच्या हेडसेटला आवाजच नसेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ६ दाबून खरं साउंडकार्ड निवडा आणि हेडफोनच्या खांबाखाली "एमएम" दिसतंय का बघा. ते म्हणजे म्यूट. एम दाबा, सुटतं. आवाज येतो पण हेडसेटचा माइक यादीतच नाही, असं असेल तर वर सांगितलेली गोष्ट: चिपेचा तो पाय "काहीच जोडलेलं नाही" म्हणून नोंदलेला असतो. अल्सा टूल्समधला एचडीएजॅकरीटास्क हा प्रोग्राम ती नोंद बदलू देतो. एक एक पाय हेडसेट माइक करून बघायचा, लॅपटॉप पुन्हा चालू करायचा. कंटाळवाणं आहे, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिसऱ्या खेपेला लागलं.

याशिवाय एक त्रास माइकशी संबंध नसलेला. गाणं सुरू होताना कानात "टक्" होतं आणि पहिलं अक्षर गिळलं जातं. समोरचा "नमस्कार" म्हणतो, आपल्याला "स्कार" ऐकू येतं. बॅटरी वाचवायला साउंड चिपेला झोपवलं जातं आणि ती जागी होईपर्यंत अर्धा सेकंद गेलेला असतो. एचडी ऑडिओ ड्रायव्हरचा पॉवर सेव्ह हा आकडा शून्य करा. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम वापरत असाल तर ते तुमचा शून्य बदलून टाकू शकतं, त्याच्या फाइलमध्येही शून्य लिहा.

चार्जर लावला की घूं

"चार्जर लावल्यावर सगळे म्हणतात तुझ्याकडून घूं आवाज येतोय." चार्जर काढा. गेला? मग हेडसेटच्या नावाने बोटं मोडू नका. लॅपटॉपच्या चार्जरमधून अगदी किंचित गळती प्रवाह येत असतो, तो अर्थिंगला गेला पाहिजे. तीन पिनांच्या चार्जरला आपण दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतो, किंवा घरातल्या बोर्डाला अर्थिंगच नसतं, मग तो लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर चढून बसतो. पत्र्यावरून बोटाची पाठ हलकेच फिरवली तर झिणझिण्या जाणवतात, तोच हा. माइकचा सिग्नल इतका नाजूक असतो की ही ५० हर्ट्झची गुणगुण त्यात लगेच उतरते.

तीन पिनांचा चार्जर तीन पिनांच्याच, अर्थिंग असलेल्या बोर्डात लावा. वाड्यात किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हे हेडसेटपेक्षा जिवाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. तोवर महत्त्वाचा कॉल बॅटरीवर करा.

भोकातला कचरा

हेडफोन काढला तरी स्पीकर मुके आणि लॅपटॉप म्हणतो हेडफोन लावलेला आहे, असं झालं तर जॅकच्या आतली बारीक पट्टी अडकली आहे किंवा भोकात कापसाचा बोळा जमला आहे. लॅपटॉप बंद करा, लाकडी दातकोरणीने कडेकडेने कचरा उचला. सेफ्टी पिन घालू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, पिनेवर काळपट थर चढतो आणि पिन फिरवली की खरखर होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या टोकाला लावून पिन पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. तरी एक कान जात-येत राहिला तर वायर पिनेच्या बुडाशी तुटली आहे. वाकवून धरून दिवस काढण्यात अर्थ नाही.

मग घ्यायचं काय?

वारंवार तेच दुखणं उलटत असेल तर मी आता ड्रायव्हरशी कुस्ती खेळत नाही. यूएसबीचं छोटं साउंडकार्ड किंवा यूएसबी-सीला लावायचा डोंगल आणतो. लॅपटॉपचं भोक, त्याची चिप, तिचा ड्रायव्हर, सगळ्यांना वळसा पडतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही त्याला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतात. ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटरचा डोंगल दिसायला चिमुकला, पण लॅपटॉपवर फार छान चालतो.

इथे एक खड्डा आहे. यूएसबी-सीचे काही स्वस्त डोंगल आतून निव्वळ वायर असतात. फोननेच ॲनालॉग आवाज बाहेर सोडावा अशी त्यांची अपेक्षा. काही फोन तसा सोडतात, लॅपटॉप सहसा नाही. डोंगल लावल्यावर साउंडच्या यादीत नवं नाव उगवलं पाहिजे. उगवलं नाही तर त्यात चिपच नाही, परत करा.

स्टुडिओचे मोठे हेडफोन घेणाऱ्यांनी ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, आकडा बघावा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळतो. २५० वाला साध्या लॅपटॉपवर पूर्ण आवाजाला नेऊनही मवाळच वाजतो, आणि मग लोक "ब्रँडेड असून काही दम नाही" म्हणतात. लॅपटॉपसाठी ३२, फार तर ८०.

मावशीचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी बटण दाबून धरून बोट दुखायला लागलं, तेव्हा तिने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणून बटणावर लावला. माइक त्यामुळे मेला, पण रेकॉर्डिंग ऐकायला माइक कशाला हवा? पुढच्या रविवारी मी तापकीर गल्लीतून कन्व्हर्टर घेऊन साताऱ्याला गेलो, लावून दाखवला, चिमट्याशिवाय बाई गायल्या. काल व्हिडिओ कॉलवर बघितलं, कन्व्हर्टर फडताळात पुडीत आहे आणि चिमटा वायरीवर.

"तो हरवेल रे," मावशी म्हणाली. "चिमटे घरात डझनभर आहेत."